कोण जिंकेल? सुपरहिरोंच्या ताकदीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सचिन की विराट' या भांडणाला निदान धावफलक असतो. 'हल्क की थॉर' या भांडणाला तोही नाही, तरी ते जास्त जोरात होतं. शाळेत असल्यापासून मी हे वाद घालत आलेय. घरात घातलेत, कर्जत लोकलमध्ये घातलेत, एकदा लग्नाच्या पंगतीतही घातलेत. प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण आमच्यातला एकुलता एक नियम पाळून. तो म्हणजे 'पान दाखव'. कुठलं कॉमिक, कितवा अंक, कुठलं पान, हे सांगता येत नसेल तर गप्प बसायचं.

हे वाद इंटरनेटमुळे सुरू झाले ना?

छे. जानेवारी १९६५ चा 'जर्नी इन्टू मिस्टरी'चा ११२ वा अंक बघा. गोष्टीची सुरुवातच पोरांच्या भांडणाने होते: थॉर भारी की हल्क? नेमका तिथे खुद्द थॉर येतो आणि पोरांना आपल्या एका जुन्या मारामारीची हकीकत सांगतो. लेखन स्टॅन लीचं, चित्रं जॅक कर्बीची. आपलं गिऱ्हाईक शाळेच्या मधल्या सुट्टीत काय बोलतं, हे मार्व्हल कंपनीला तेव्हाच कळलेलं होतं.

त्या मारामारीतली गंमत सांगते. हातोडा हातातून सुटून साठ सेकंद उलटले की थॉरचा पुन्हा साधा माणूस, म्हणजे लंगडा डॉक्टर डॉन ब्लेक, व्हायचा. हल्कसमोर असं झालं तर संपलंच. म्हणून तो बापाला, ओडिनला, साकडं घालतो आणि ओडिन पाच मिनिटांपुरता तो नियम उठवतो. मग पाच मिनिटं निव्वळ मुठींचा सामना. निकाल? लागत नाही. लागणार कसा, दोघांचेही अंक पुढच्या महिन्यात विकायचे होते!

वाद सुरू करण्याआधी काय ठरवून घ्यावं?

कुस्ती कुठे लावणार, ते. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. मातीत वाढलेला पैलवान गादीवर तसाच खेळेल असं कुठलाही वस्ताद म्हणणार नाही. मग सुपरमॅन लाल सूर्याखाली तसाच लढेल असं आपण का धरून चालतो? १९७८ मध्ये डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्या कंपनीने, सुपरमॅन आणि मुहम्मद अली यांचा सामना छापला. लाल सूर्याच्या प्रकाशात सुपरमॅनची ताकद काढून घेतली आणि अलीने त्याला बेदम चोपला. ज्याच्या अंगात ताकद उरलेलीच नाही त्याला जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यासमोर उभं केलं, दुसरं काय होणार?

तेव्हा जागा ठरवा. कुठल्या काळातला हिरो ते ठरवा. एकमेकांची माहिती आधीपासून आहे की अचानक गाठ पडली, आणि जिवावर उठून लढायचंय की नेहमीसारखं हात राखून, हेही ठरवा. अर्धे वाद इथेच मिटतात, कारण दोघं दोन वेगळ्या सुपरमॅनबद्दल बोलत होते हे लक्षात येतं.

मग सुपरमॅनची खरी ताकद किती?

कुठल्या वर्षीची?

जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी पहिल्याच पानावर त्याची मोजमापं देऊन टाकली होती. एक अष्टमांश मैल उडी. वीस मजली इमारत ओलांडणं. एक्स्प्रेस गाडीपेक्षा जास्त वेग. आणि त्याची कातडी भेदायची तर निदान फुटणारा तोफगोळा हवा. म्हणजे तोफगोळ्याने त्याला इजा होऊ शकत होती! तो उडत नव्हता, उड्या मारत होता. एक अष्टमांश मैल म्हणजे साधारण दोनशे मीटर. तेवढी उंची सरळ वर गाठायची तर जमीन सोडताना ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वेग हवा. माणूस म्हणून अचाट, पण आजच्या सुपरमॅनपुढे अगदी बापुडवाणा.

उडायला तो लागला १९४० च्या रेडिओ मालिकेत आणि १९४१ पासूनच्या कार्टूनपटांत. क्रिप्टोनाइटही १९४३ मध्ये रेडिओवरच आलं, कॉमिकमध्ये पोचायला त्याला १९४९ उजाडलं. थोडक्यात, त्याची सगळ्यात प्रसिद्ध शक्ती आणि सगळ्यात प्रसिद्ध दुबळेपणा, दोन्ही कॉमिकबाहेरून आले. मूळ कॉमिकच खरं, बाकी सगळं भेसळ, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवते.

पन्नास-साठच्या दशकांत तर लगामच सुटला. ग्रह ढकलणं, काळात मागे-पुढे जाणं, एका शिंकेत अख्खी सूर्यमाला उडवणं, सगळं झालं. अशा माणसासमोर खलनायक तरी कुठला उभा करणार? १९७१ मध्ये डेनी ओनीलने त्याची ताकद कमी करून पाहिली, पण ते टिकलं नाही. १९८६ मध्ये जॉन बर्नने नव्याने सुरुवात केली तेव्हा सुपरमॅन अंतराळात जाताना श्वास रोखून धरणारा झाला. मला विचाराल तर हाच सगळ्यात वाचनीय, कारण तो दमतो.

आता दोन पानं शेजारी ठेवा. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'मध्ये (२००५ ते २००८) सूर्याजवळ जाऊन आल्यामुळे त्याची ताकद प्रचंड वाढलेली असते. प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा तो दोनावर वीस शून्यं इतके टन पेलतो. वाचताना तोंडात बोटं जातात. आणि २०१२ मध्ये, नव्याने सुरू झालेल्या मालिकेच्या १३ व्या अंकात, नेहमीचाच सुपरमॅन पृथ्वीच्या वजनाएवढा भार सलग पाच दिवस पेलतो. ते होतात जवळजवळ सहावर एकवीस शून्यं इतके टन. म्हणजे सूर्य पिऊन आलेल्या सुपरमॅनच्या तीसपट वजन हा व्यायाम म्हणून उचलतोय. बरं, 'पृथ्वीचं वजन' म्हणजे काय? वजन कशाच्या तरी ओढीने असतं, पृथ्वीचं कोणाच्या ओढीने मोजलं? ते जाऊ दे. मुद्दा असा की मोठ्या आकड्याचं पान आपोआप मोठं पान होत नाही.

मार्व्हलने तर सगळ्यांच्या ताकदीचे अधिकृत आकडे छापलेत. मग वाद कसला?

छापलेत खरे. 'ऑफिशियल हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स' १९८३ मध्ये सुरू झालं, मागचं डोकं संपादक मार्क ग्रुएनवाल्डचं. कोण किती टन उचलतो, यानुसार त्यात वर्ग पाडले होते. स्पायडरमॅन दहा टन. सगळ्यात वरचा 'क्लास १००', म्हणजे शंभर टनांच्या वर, आणि तिथे थॉर, हल्क, हर्क्युलीस वगैरे मंडळी.

यातला एक अंक मला माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर सापडला होता. मुखपृष्ठ गेलेलं, मधली चार पानं चिकटलेली. त्या सुट्टीत मी वहीत रकाने आखून सगळ्यांचे टन उतरवून काढले. आता जिभेवर उत्तरं तयार आहेत, कोणाचं काही ऐकून घ्यायचं नाही, असं वाटलं होतं.

मग 'सीक्रेट वॉर्स'चा चौथा अंक वाचला. १९८४ चा. हिरोंच्या अंगावर अख्खी डोंगररांग कोसळते आणि खाली वाकून, गुडघे आणि पाठ ताणून, एकटा हल्क ती तोलून धरतो. मुखपृष्ठावरच वजन दिलंय: दीडशे अब्ज टन. हँडबुकमधला शंभर टनांचा वर्ग आणि हे दीडशे अब्ज, यांच्यात किती अंतर आहे ते बघा. हँडबुकवाले म्हणतील, शंभरच्या 'वर' म्हटलंय ना, वर कितीही असू शकतं. बरोबर आहे. पण मग त्या वर्गाला अर्थ काय राहिला? आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'सहा माणसं' लिहिलंय, तसंच ते.

शिवाय हल्क जितका चिडेल तितकी त्याची ताकद वाढते, हा त्याचा मूळ स्वभाव. अशा माणसाला एक आकडा चिकटवणं म्हणजे ज्वारी वाऱ्यावर मोजणं.

तरीही ग्रुएनवाल्डबद्दल मला फार जिव्हाळा आहे. हजारो अंकांतली विसंगती एकट्याने विंचरून काढायचा त्याला ध्यास होता. १९९६ मध्ये तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा शाईत मिसळून त्याच्या 'स्क्वॉड्रन सुप्रीम' या मालिकेचं पुस्तक छापलं गेलं. आकडे चुकले असतील त्याचे, पण निष्ठेत कोणी त्याच्या जवळपास नाही.

'कॅल्क' म्हणजे काय? ते ग्राह्य धरावं का?

चित्रातल्या प्रसंगाला भौतिकशास्त्राची सूत्रं लावून वेग, बल, ऊर्जा काढणं म्हणजे कॅल्क. हा प्रकार मजेदार आहे, पण त्यात पाय घसरायला वेळ लागत नाही. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घेऊ.

२००३ च्या 'जेएलए'चा (म्हणजे 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका', डीसीच्या हिरोंचा संघ) ८९ वा अंक. उत्तर कोरियातल्या चोंगजिन शहरात अणुस्फोट होतो. फ्लॅश, म्हणजे वॉली वेस्ट, स्फोटाची लाट पसरायच्या आत शहरातल्या सुमारे पाच लाख लोकांना उचलून पस्तीस मैल दूरच्या टेकडीवर नेतो. एका वेळी एक, कधी दोन. आणि या सगळ्याला लागलेला वेळ मजकुरात दिलाय: ०.००००१ मायक्रोसेकंद.

हिशोब करू. पस्तीस मैल म्हणजे ५६ किलोमीटर, जाऊन-येऊन ११२. गुणिले पाच लाख, म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरच्या वर. आणि एवढ्या वेळात प्रकाश किती अंतर कापतो? तीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या निम्मं. म्हणजे वॉलीचा वेग प्रकाशाच्या दहा-वीस लाख कोटी पट निघतो. फ्लॅशचे चाहते हा आकडा छातीवर पदकासारखा मिरवतात.

आणि तोच मजकूर सांगतो की तो प्रकाशाच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने धावत होता.

दोन विधानं, एकाच प्रसंगातली, आणि दोन्ही खरी असूच शकत नाहीत. ज्याने लिहिलं त्याने भागाकार केला नव्हता, एवढाच याचा अर्थ. त्याला 'खूप म्हणजे खूपच कमी वेळ' म्हणायचं होतं, म्हणून त्याने शून्यं टाकली. आपण त्या शून्यांवर इमारत बांधली. म्हणून माझा नियम असा: चित्रात जे दिसतं आणि गोष्ट ज्यावर उभी आहे ते धरायचं. पाच लाख माणसं वाचली, हे पक्कं. दशांश चिन्हामागची शून्यं सोडून द्यायची. हा नियम फ्लॅशच्या चाहत्यांना मान्य नाही, हे मला ठाऊक आहे.

मग भौतिकशास्त्र वादात आणायचंच नाही का?

आणा, पण कॉमिकने स्वतः आणलं असेल तिथे. १९७३ च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो. स्पायडरमॅनचं जाळं तिला पाण्यावर आपटायच्या आत पकडतं. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ एक बारीकसा शब्द लिहिलाय, काडी मोडल्यासारखा आवाज. तो वर खेचतो तेव्हा ती गेलेली असते. वाचकांनी पत्रं लिहून भंडावून सोडलं आणि संपादकांना पत्रोत्तरात मान्य करावं लागलं की एवढ्या झटक्याने थांबल्यामुळेच तिचा जीव गेला.

मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस हा प्रसंग शिकवायला वापरतात. हिशोब तुम्हीही करू शकता. तीनशे फूट पडल्यावर वेग ताशी दीडशे किलोमीटर होतो. अर्ध्या सेकंदात थांबवलं तर शरीरावर वजनाच्या आठ-नऊ पट बल येतं. इथे आकडा आणि गोष्ट हातात हात घालून चालतात, म्हणून हे कॅल्क पन्नास वर्षांनंतरही काळजाला लागतं. आता सुपरमॅनने शंभराव्या मजल्यावरून पडणाऱ्या आपल्या प्रेयसीला, लोईसला, दोन हातांवर अलगद झेललं, त्याचं काय? तिला काही होत नाही. कारण त्या गोष्टीत तिला काही व्हायचं नव्हतं.

थॉरचा हातोडा किती किलोचा?

मार्व्हलने १९९१ मध्ये काढलेल्या एका कार्डावर ४२.३ पौंड छापलंय. म्हणजे एकोणीस किलो आणि वर थोडं. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी २०१३ मध्ये गणित मांडलं की हातोडा न्यूट्रॉन ताऱ्याच्या द्रव्याचा असेल तर तो तीनशे अब्ज हत्तींएवढा भरेल. झालं, दोन तट पडले.

पण सिनेमातला ओडिन म्हणतो की तो मरणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात *घडवला*. ताऱ्याचा *बनवला*, असं म्हणत नाही. कुंभाराच्या आव्यात भाजलेलं मडकं आगीचं बनलेलं नसतं. कॉमिकमध्ये हातोडा उरू नावाच्या धातूचा आहे. आणि तो उचलता न येण्याचं कारण वजन नाहीच, मंत्र आहे: पात्र असेल त्यालाच उचलता येईल. म्हणून 'हल्कला हातोडा उचलता आला नाही, म्हणजे थॉर जास्त ताकदवान' हा युक्तिवाद बाद.

फ्लॅश की सुपरमॅन, वेगवान कोण?

फ्लॅश. पण तिथवर पोचायला डीसीने जी टाळाटाळ केली ती वाचण्यासारखी आहे.

पहिली शर्यत ऑगस्ट १९६७ मध्ये, 'सुपरमॅन'च्या १९९ व्या अंकात. संयुक्त राष्ट्रांसाठी, जगातल्या भुकेलेल्यांच्या मदतीला. त्यावर गुंडांच्या टोळ्या सट्टा लावतात, म्हणून दोघं ठरवून बरोबरीत येतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी शर्यत, पुन्हा धड निकाल नाही. १९७० मध्ये तिसरी. शेवटी दोघांचीही शक्ती गेलेली असते, दोघं जमिनीवर सरपटत असतात, आणि फ्लॅश थोडक्यात पुढे सरकतो. जगातल्या सगळ्यात वेगवान दोघांच्या शर्यतीचा निकाल रांगत लागला, याहून बेरकी संपादन मी पाहिलेलं नाही. १९९० मध्ये वॉली वेस्टने सुपरमॅनला सरळ हरवलं. आणि २००९ मध्ये सुपरमॅन वॉलीच्या आधीच्या फ्लॅशला, बॅरी अ‍ॅलनला आठवण करून देतो की यातल्या काही शर्यती मी जिंकलो होतो, तेव्हा बॅरी एवढंच म्हणतो की त्या धर्मादाय होत्या, आणि निघून जातो. एका वाक्यात चाळीस वर्षांचा हिशोब चुकता.

तयारीला वेळ मिळाला तर बॅटमॅन कोणालाही हरवतो, खरं की खोटं?

याला आम्ही 'प्रेप टाइम' म्हणतो आणि बॅटमॅनच्या चाहत्यांसाठी तो अलाउद्दीनचा दिवा आहे. घासला की हवं ते बाहेर येतं.

मुळात पान काय सांगतं ते बघा. फ्रँक मिलरच्या १९८६ च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये बॅटमॅन सुपरमॅनला लोळवतो, हे सगळे सांगतात. सुपरमॅन त्याआधी अणुस्फोटातून कसाबसा जगून आलेला असतो, हे सांगत नाहीत. बॅटमॅनच्या अंगात यांत्रिक चिलखत, त्याला शहराची वीज जोडलेली. क्रिप्टोनाइटचा बाण सोडायला लपून बसलेला धनुर्धर ऑलिव्हर क्वीन, तोही एका हाताचा. आणि एवढं करून मारामारीच्या शेवटी हृदय बंद पडतं ते बॅटमॅनचं. भले नाटक असेल. एवढ्या भांडवलावर मिळालेला हा विजय मी त्याच्या खात्यावर जमा करते, पण 'कोणालाही कधीही' असं त्यातून निघत नाही.

२००० मधली 'टॉवर ऑफ बाबेल' ही गोष्ट जास्त बोलकी. बॅटमॅनने आपल्याच साथीदारांना निकामी करायच्या योजना लिहून ठेवलेल्या असतात. रा'ज अल घूल हा खलनायक त्या चोरतो आणि वापरतो, आणि त्या भयंकर अचूक निघतात. तयारीचा याहून मोठा पुरावा नाही. फक्त तयारी बॅटमॅनची आणि फायदा दुसऱ्याचा झाला. शेवटी साथीदार मतदान करून त्याला संघाबाहेर काढतात.

स्पायडरमॅनने फायरलॉर्डला हरवलं होतं. मग तो थॉरलाही हरवू शकतो?

नाही. तुम्ही दहावे आहात या महिन्यात विचारणारे.

१९८५ मध्ये, 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या २६९ आणि २७० व्या अंकांत, हे खरंच घडलं. फायरलॉर्ड हा ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसचा पूर्वीचा दूत, ताऱ्या-ताऱ्यांमधून हिंडणारा, हातात विश्वशक्तीची आग. आणि दहा टनांच्या वर्गातला आपला पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, त्याला ठोसे मारमारून बेशुद्ध करतो. चाहत्यांच्या भाषेत हा 'आउटलायर', इतर सगळ्या पानांशी फटकून असलेलं एक पान. एका सामन्यात शेपटाच्या गोलंदाजाने शतक ठोकलं म्हणून त्याला सलामीला पाठवत नाहीत.

मला राग येतो तो याचा की पीटरची खरी ताकद दाखवणारं पान कोणी पुढे आणत नाही. फेब्रुवारी १९६६, अंक ३३, स्टीव्ह डिट्कोची चित्रं. पीटर अवजड यंत्राच्या ढिगाखाली सापडलाय. छतातून पाणी गळतंय, खाली साचत चाललंय. मे काकूला वाचवणारं औषध समोरच पडलंय, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. डिट्को आधी त्याला लहान लहान चौकटींत कोंडतो. पीटर एकदा उचलू पाहतो, जमत नाही. पुन्हा. प्रत्येक चौकटीत खांदे थोडे वर, पाणी थोडं जास्त. मग पान उलटतं आणि अख्ख्या पानभर एकच चित्र: तो उभा आहे, ढीग हवेत. किती टनांचा होता तो ढीग? कुठेही लिहिलेलं नाही. कोणाला विचारावंसंही वाटत नाही.

'अ' ने 'ब' ला हरवलं, 'ब' ने 'क' ला. म्हणजे 'अ' हा 'क' पेक्षा भारी?

याला 'स्केलिंग' म्हणतात. १९९१ मध्ये स्क्विरल गर्ल पहिल्यांदा आली, तीही डिट्कोच्याच हातून, आणि तिने खारींची फौज सोडून मार्व्हलच्या बड्या खलनायकाला, डॉक्टर डूमला, शरण आणलं. आता डूमने ज्यांना ज्यांना पाणी पाजलं त्यांची यादी काढा आणि त्या सगळ्यांपेक्षा खारी भारी असं जाहीर करा. माझी हरकत नाही.

मार्व्हल आणि डीसीने एकत्र येऊन कधी निकाल लावला का?

लावला, आणि पस्तावले असावेत. १९७६ च्या पहिल्या मोठ्या भेटीत स्पायडरमॅनचा ठोसा सुपरमॅनला लागावा म्हणून सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्युथर याला स्पायडरमॅनवर लाल सूर्याचे किरण सोडावे लागले. म्हणजे वजनगटातला फरक दोन्ही कंपन्यांना मान्य होता. पण १९९६ च्या 'मार्व्हल विरुद्ध डीसी'मध्ये अकरा लढती झाल्या आणि त्यातल्या पाच वाचकांच्या मतांवर सोडल्या. सुपरमॅनने हल्कला, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला हरवलं, इथपर्यंत कोणी ना कोणी मान डोलावली. पण स्टॉर्मने वंडर वुमनला हरवलं! आणि वुल्व्हरीनने लोबोला! ती दुसरी कुस्ती तर बारच्या काउंटरमागे झाली. आपल्याला फक्त आवाज, आणि मग वुल्व्हरीन सिगार ओढत बाहेर. चित्रकाराला दाखवण्यासारखं काही सुचलंच नसावं, असा माझा संशय आहे.

त्याच मालिकेत वंडर वुमनच्या हाती थॉरचा हातोडा लागतो. ती पात्र ठरते, पण लढत बरोबरीची व्हावी म्हणून तो बाजूला ठेवते. आणि मतं कमी पडून हरते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असले चांगले उमेदवार मी पाहिलेत.

सिनेमातले पराक्रम धरायचे का?

वेगळ्या वहीत. १९७८ च्या सिनेमात सुपरमॅन पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळ मागे नेतो. ते कॉमिकच्या वादात आणलं की संध्याकाळ फुकट गेली म्हणून समजा.

आपला वेताळ यांच्यासमोर टिकेल?

मुठींच्या लढाईत नाही. ज्यांच्या घरी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक बांधून ठेवलेले असत त्यांना हे ऐकून वाईट वाटतं, पण ली फॉकने १९३६ मध्ये आणलेल्या वेताळाला अंगभूत शक्ती एकही नाही. कवटीची अंगठी, दोन पिस्तुलं, घोडा, लांडगा. मात्र बापामागून मुलगा तोच वेश चढवतो, म्हणून चारशे वर्षं लोकांना वाटतं की हा मरतच नाही. ही अफवा किती टनांची, ते सांगा.

मारुती विरुद्ध सुपरमॅन?

नाही. मारुतीला आखाड्यात नमस्कार करून आपण कुस्ती सुरू करतो, त्याच्याशी लावत नाही.

लेखक ठरवेल तोच जिंकतो, मग हा सगळा उपद्व्याप कशाला?

स्टॅन लीही हेच सांगायचा, की लेखकाला जो जिंकायला हवा असेल तो जिंकेल. वादात हरायला आलेला माणूस शेवटी हे वाक्य काढतो. काढू द्या.

पण त्याच स्टॅन लीने 'नो-प्राइझ' काढलं होतं. अंकातली चूक दाखवून, ती चूक का नाही, याचं पटेलसं कारण जो वाचक कळवेल त्याला बक्षीस. घरी मार्व्हलचं छापील पाकीट यायचं, आत बक्षीस आहे असं वर लिहिलेलं. फोडलं की आत काहीच नाही. पोरं ती रिकामी पाकिटं जपून ठेवत. विसंगती सांधायची जी खाज आपल्याला सुटते, तिच्यासाठी कंपनीच तेव्हापासून खाजकुयली पेरत आलीय.

मी वाद हरले, हे कसं ओळखायचं?

समोरचा ओरडायचा थांबून मूळ अंक शोधायला उठला की.

मी एकदा मामेभावाला 'हल्कने थॉरला एका ठोशात झोपवलं' म्हणून मोबाइलवर पान दाखवलं होतं. सुंदर पान. तो काही बोलला नाही. आत गेला, खोक्यातून तो अंक काढून आणला आणि तेच पान उघडून माझ्या फोनशेजारी ठेवलं. चित्र तेच, पण फुग्यातला मजकूर वेगळा, आणि खाली पडलेला माणूस थॉर नव्हताच. कोणीतरी केस पिवळे रंगवून, हातोडा चिकटवून पान तयार केलं होतं. नीट पाहिलं तर हातोड्याची सावलीसुद्धा उलट्या बाजूला पडली होती. ठरल्याप्रमाणे दोन मिसळ आणि जादा पाव माझ्या खात्यावर गेले, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलताना मी अंक पिशवीतच घेऊन जाते.